अहवाल बंदरावर परत आला पाहिजे

नवी मुंबईत पावसाळा सरला की दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव अशा खाडीकाठच्या गावांत विद्यार्थ्यांचे गट दिसू लागतात. कोणी वास्तुशास्त्राचे असतात, कोणी नगररचनेचे, कोणी भूगोल किंवा पर्यावरणशास्त्राचे. ते गल्ल्यांची मापे घेतात, घरांचे फोटो काढतात, जेट्टीवर बसलेल्या मावशींना प्रश्न विचारतात आणि सेमिस्टर संपता संपता 'किनाऱ्याचा शाश्वत पुनर्विकास' अशा शीर्षकाच्या देखण्या शीट्स ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षक मंडळासमोर, मांडतात. मी स्वतः अशा गटांना शिकवते आणि हे काम मला मनापासून मोलाचे वाटते. म्हणूनच एक आग्रहाची मागणी येथे लिहीत आहे: ज्या गावात अभ्यास झाला, त्या गावाच्या हाती तो अहवाल मराठीत पडला पाहिजे, आणि तोही गावाला त्याचा उपयोग करता येईल अशा वेळी.

ही मागणी शिष्टाचाराची नाही. विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये जे उतरते ते बऱ्याचदा कोणत्याही सरकारी नकाशात नसते, हे मी वारंवार पाहिले आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या एका विद्यार्थिनीने बंदरालगतच्या जागेचा नकाशा एका कोळी मावशींपुढे धरला. मूळ नकाशात जेट्टी, रस्ता आणि देऊळ दाखवलेले होते आणि त्यांच्या मधला भाग कोरा होता. मावशींनी त्या कोऱ्या भागावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "ही जागा मोकली नाय, आमची जाली सुकवाची हाय." मग त्यांनी उठून सगळे दाखवले. जाळी कुठे पसरतात, फाटलेली जाळी सांधायला माणसे कोणत्या भिंतीच्या सावलीत बसतात, होडी डागडुजीसाठी कुठून वर ओढतात, मासळी सुकवायला ऊन कोणत्या बाजूने जास्त वेळ मिळते आणि बर्फाचा टेम्पो कुठपर्यंत आत येऊ शकतो. संध्याकाळपर्यंत त्या कोऱ्या जागेत लिहायला जागा उरली नव्हती. मुलीने वापराच्या वेळांसह ते सगळे रेखाटले. तो नकाशा ज्युरीत वाखाणला गेला आणि त्यानंतर महाविद्यालयाच्या कपाटात गेला.

आता याची दुसरी बाजू पाहा. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, २०११ची अधिसूचना स्पष्ट सांगत होती की मासेमारी गावे, मच्छीमार समाजाच्या सामायिक जागा, जेट्ट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा यांची नोंद बारकावे दाखवणाऱ्या मोठ्या स्केलच्या गावनकाशांवर झाली पाहिजे आणि मच्छीमार वस्तीच्या दीर्घकालीन घरांच्या गरजेचा आराखडा राज्याने तयार केला पाहिजे. २०१९मध्ये नवी अधिसूचना आली, तरी या नोंदींची गरज तसूभरही कमी झालेली नाही. किनाऱ्याच्या सुशोभीकरणाचा, जलवाहतुकीचा किंवा पुनर्विकासाचा कोणताही प्रस्ताव पुढे येतो तेव्हा नकाशात जी जागा रिकामी दिसते तीच आधी वापरली जाते. त्या जागेवर बाकडी, दिवे आणि सायकल मार्ग आले की जाळी रेलिंगवर वाळत घालावी लागतात, आणि मग त्याच जाळ्यांना सौंदर्याला बाधक ठरवले जाते. कायद्याने जे नकाशावर असायला हवे ते एका विद्यार्थिनीने दोन-तीन संध्याकाळी खपून नीट काढलेले असते, आणि ज्यांना हरकत नोंदवायची असते त्यांना ते अस्तित्वात असल्याचेही माहीत नसते. मला हे अतिशय अन्यायाचे वाटते.

नवी मुंबईच्या बाबतीत या नोंदींना आणखी एक वजन आहे. १९६५च्या सुमारास वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १९७०मध्ये हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ सिडको स्थापन झाले आणि ९५ गावांची जमीन या शहरासाठी संपादनाखाली आली. शेते, मिठागरे, खाजणे गेली. जानेवारी १९८४मध्ये या भूसंपादनाविरुद्धच्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनमालकांना परत देण्याचे तत्त्व पुढे आले. पण गावठाणांची हद्द कुटुंबांबरोबर वाढली नाही आणि घरे मात्र वाढत गेली. 'गरजेपोटी बांधलेली घरे' हा शब्दप्रयोग येथे प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक मोर्चात ऐकू येतो, तो याचमुळे. अशा गावात कोणते घर कोणत्या पिढीत, कशासाठी वाढले याची घरटी नोंद विद्यार्थी करतात तेव्हा ते त्या गावाच्या सर्वांत दुखऱ्या प्रश्नाचा पुरावा गोळा करत असतात. तो पुरावा सबमिशनच्या फाइलमध्ये बंद राहणे योग्य नाही. (घरमालकांची नावे आणि कागदपत्रांचा तपशील मात्र त्यांच्या संमतीशिवाय कुठेही जाता कामा नये, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो.)

शाश्वततेबद्दलही थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गावात नीट वेळ घालवला नाही तर हा विषय झाडे लावणे आणि सौर दिवे एवढ्यावर येऊन थांबतो. नवी मुंबईचा बराच सखल भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. नोडमधले (सिडकोने वसवलेल्या उपनगरातले) पावसाचे पाणी नाल्यांतून या तलावात येते. खाडीकडच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप असते. भरतीचे पाणी चढले की ती बाहेरच्या दाबाने मिटते, पावसाचे पाणी तलावात साठून राहते आणि ओहोटी लागली की झडप उघडून ते खाडीत उतरते. खारभूमीच्या शेतकऱ्यांनी बांधाला ठेवलेल्या उघाडीचेच, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराचेच, हे मोठे रूप आहे, आणि आगरी-कोळी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. आज यांतल्या अनेक तलावांत गाळ भरला आहे आणि त्या गाळावर खारफुटी उगवली आहे. गाळ काढायचा तर खारफुटी तोडावी लागते, आणि खारफुटीला मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८च्या आदेशांचे संरक्षण आहे, जे असलेच पाहिजे. गाळ काढला नाही तर मुसळधार पाऊस आणि मोठे उधाण एकाच वेळी आल्यावर पाणी वस्तीत शिरते.

या पेचाला सोपे उत्तर नाही. पण कोणत्या तलावाची झडप नीट मिटत नाही, पाणी कोणत्या नाल्यातून उलटे चढते, कोणत्या गल्लीत आधी शिरते आणि किती वेळ थांबते, हे त्या काठावर राहणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षे ठाऊक असते. आमच्या एका गटाने घरोघर विचारून भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजल्या आणि त्यांचा नकाशा केला. पालिकेच्या कोणत्याही अभियंत्याला तो पावसाळ्यापूर्वी उपयोगी पडला असता. तो पोहोचवायचा कोणाकडे आणि कसा, याची कोणतीही ठरलेली वाट आज नाही.

खाडीचे म्हणाल तर तिच्या मोलाची अधिकृत दखल घेतली गेली आहे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये घोषित झाले आणि २०२२मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तरीही २०२४च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावाच्या परिसरात फ्लेमिंगो मेले आणि भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याचा प्रश्न सर्वांसमोर आला. पाणी कुठून येत होते आणि कधीपासून येईनासे झाले, हे सांगणारी माणसे त्या काठावरच होती.

क्षेत्रअभ्यास कसा व्हावा याबद्दलही माझे ठाम मत आहे. खाडीकाठचा अभ्यास घड्याळाच्या वेळापत्रकावर होत नाही, तो भरती-ओहोटीवर करावा लागतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे एका शनिवारी सकाळी अकराला जिथे पाणी काठोकाठ असते, तिथे पुढच्या शनिवारी त्याच वेळी चिखल उघडा पडलेला असतो, त्यावर निवट्या उड्या मारत असतात आणि होड्या कलंडून बसलेल्या असतात. पहिल्या शनिवारी गेलेला गट लिहितो की जेट्टी गजबजलेली आहे, दुसऱ्या शनिवारी गेलेला लिहितो की जेट्टी वापरात नाही. दिवाळ्याच्या बंदरावरच्या एका काकांनी मुलांना जुना हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळेल. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. खाडीच्या आत ती थोडी मागे-पुढे होते, पण कामाला पुरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. तेव्हापासून आमचा गट गावात जाण्याचे दिवस कालनिर्णयवरची तिथी पाहून ठरवतो आणि एकाच जागी भांग आणि उधाण दोन्ही पाहिल्याशिवाय तिथले चित्र पूर्ण मानत नाही.

असे गेल्यामुळेच एका पहाटे मुलांना होडीतून उतरलेली मासळी निवडण्याचे काम जवळून पाहता आले. मावशींच्या हाताखालून बोय, कोळंबी, चिंबोऱ्या वेगवेगळ्या पाट्यांत जात होत्या, आणि प्रत्येक ओंजळीत वेफर्सची पाकिटे, दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या होत्या, ज्या त्या न बघता बाजूला टाकत होत्या. एका मुलाने विचारून तो कचरा मावशींच्याच काट्यावर तोलला आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तोलत राहिला. शहराचा कचरा जाळ्यात येतो हे सगळेच बोलतात, पण तो निवडण्यात रोज किती वेळ जातो आणि त्यापायी जाळी किती लवकर फाटतात, हे त्याच्या वहीत आहे. किनाऱ्याच्या शाश्वततेचा विचार करणाऱ्याला याहून उपयोगी सामग्री कुठे मिळणार?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग ज्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, ते स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आधी पाहणी आणि मग आराखडा असा आग्रह धरत. १९१९मध्ये येथे येऊन त्यांनी जे शिकवले ते आपल्या अभ्यासक्रमांत आजही पहिल्याच वर्षी शिकवले जाते. मग त्या पाहणीचा आराखड्याशी संबंध का तुटावा? नवी मुंबई महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट २०२२मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या गेल्या. अशी मुदत ठरावीक दिवसांचीच असते. तेवढ्या अवधीत एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेने नकाशे काढून घेऊन, सर्व्हे क्रमांक जुळवून, तांत्रिक भाषेत हरकत लिहावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. विद्यार्थ्यांचा अहवाल गावात आधीच पोहोचलेला असेल, तर तोच हरकतीला जोडता येतो.

काही सहकारी म्हणतात की विद्यार्थ्यांचे काम कच्चे असते, त्यात चुका असतात आणि ते सार्वजनिक केल्यास गैरसमज होतील. या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच अहवाल आधी गावात वाचला गेला पाहिजे. माप चुकले असेल, देवळाची जागा सरकली असेल, एखाद्या आळीचे नाव भलतेच पडले असेल, तर ते तिथेच, तासाभरात दुरुस्त होते. ज्यांच्याबद्दल लिहिले आहे त्यांनी तपासलेला अहवाल ज्युरीने तपासलेल्या अहवालापेक्षा मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

या वर्षी आमच्या गटाने ठरवले आहे की सबमिशनच्या आधी बंदरावर एक संध्याकाळ वाचनासाठी ठेवायची, जेव्हा होड्या परतलेल्या असतील आणि बायका बाजारातून मोकळ्या झाल्या असतील. नकाशे मोठ्या आकारात, मराठी नावांसह छापायचे. दुरुस्तीनंतरची एक प्रत मच्छीमार संस्थेकडे, एक गावातल्या शाळेकडे आणि एक पालिकेच्या नगररचना विभागात पोच घेऊन द्यायची. पोच महत्त्वाची आहे, कारण पुढे हरकत नोंदवताना ती दाखवता येते.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या इतर महाविद्यालयांतील शिक्षकांना माझी विनंती आहे की चेंदणी कोळीवाडा, कोपरी, विटावा, ऐरोली, दिवा, घणसोली, जुहूगाव, कुठल्याही खाडीकाठच्या गावाचा जुना अभ्यास तुमच्या विभागात पडून असेल, तर त्याची यादी करा आणि त्यांतले नकाशे तरी त्या त्या गावांना द्या. दहा वर्षांपूर्वीची खारफुटीची कड, तेव्हाची जेट्टी, तेव्हाची मोकळी जागा कुठे होती, हे त्यांत असेल. आणि गावातल्या मंडळींना विनंती अशी की पुढच्या वेळी विद्यार्थी वही घेऊन आले, तर उत्तरे देण्याआधी त्यांच्या महाविद्यालयाचे आणि शिक्षकांचे नाव लिहून घ्या आणि अहवाल कधी आणून देणार ते विचारा. आमच्या मुलांना हा प्रश्न विचारला गेला, तर मला आनंदच होईल.