‘क्लिअर’ म्हणजे मजबूत नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मडगावच्या घराच्या लाकडी जमिनीसाठी ‘नंबर १ कॉमन’ प्रतीच्या, पॉलिश न केलेल्या ओकच्या फळ्या सुचवून मी वाचकाच्या माथी रद्दी लाकूड मारले, आणि आपल्याकडच्या पावसात टिकायचे तर ‘क्लिअर’च, म्हणजे सर्वांत वरची प्रतच हवी, असे आपले म्हणणे आहे. त्यातला पहिला भाग मला मान्य नाही. दुसऱ्यात मात्र एक खरी गोष्ट दडलेली आहे.

वरून खाली क्लिअर, सिलेक्ट, नंबर १ कॉमन आणि नंबर २ कॉमन ही अमेरिकेतील ओकच्या फळ्यांची प्रतवारी केवळ दिसण्यावरून ठरते. गाठी, किडीची भोके, खनिजांचे काळसर पट्टे आणि रंगातला फरक किती चालेल, एवढेच ती सांगते. एकाच ओंडक्यातून निघालेली एक फळी क्लिअर आणि दुसरी कॉमन ठरू शकते, पण पायाखाली दोन्ही सारख्याच कठीण असतात. नंबर २ मधली भोकेसुद्धा भरून घेतली की जमीन पक्की होते. फरक पडतो तो लांबीत: क्लिअरच्या गठ्ठ्यात सरासरी लांबी पावणेचार फूट, तर नंबर १ कॉमनच्या गठ्ठ्यात पावणेतीन फूट धरतात, म्हणजे सांधे अधिक. हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते.

आता आपला मुद्दा. क्लिअरमध्ये सालीलगतचे फिकट लाकूड फार थोडे चालते. हा नियम रंगासाठी आहे, तरी ते लाकूड गाभ्यापेक्षा किडीला लवकर बळी पडते, आणि वाळवीशी झगडणाऱ्या आपल्या घरांत ही बाब क्षुल्लक नव्हे. पण सिलेक्टमध्ये हे फिकट लाकूड हवे तेवढे चालते, त्यामुळे नुसती वरची प्रत मागून हा प्रश्न सुटत नाही. दुकानात गठ्ठा सोडवून फळी न् फळी पाहावी लागते.

पावसाचे म्हणाल, तर तिथे प्रतीचा संबंध नाही. कारखान्यातून ६ ते ९ टक्के ओलावा घेऊन निघालेली फळी आपल्या जुलैच्या दमट हवेत रुंदीला फुगणारच, मग ती क्लिअर असो वा कॉमन. फळ्या त्या खोलीच्या हवेत मुरू द्याव्यात, भिंतीलगत फट सोडावी, आणि ठोकण्यापूर्वी तीन-चार गठ्ठ्यांतल्या फळ्या एकत्र पसरून पाहाव्यात. गडद गाठींच्या फळ्या तेव्हाच पलंगाखाली किंवा कपाटाखाली सरकवता येतात.