रणगाडे घुसवले की शहर पडतं?

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘रणगाडे आणि विमानं असली की कुठलंही शहर दोन दिवसांत पडतं. इंग्रज सेनापती मन्रोनं १८१८ मध्ये आपली पेठ एका दिवसात घेतली, मग आज काय अवघड?’

आधी रणगाडा. टी-७२ या रशियन बनावटीच्या रणगाड्याची तोफ वर उचलते साधारण १४ अंश, खाली झुकते ६. ती जमिनीपासून दोन मीटरवर धरा. दहा मीटर रस्त्यापलीकडच्या भिंतीवर गोळा साडेचार मीटर उंचीपर्यंतच लागतो, म्हणजे जेमतेम पहिला मजला. चौथ्या मजल्याची खिडकी गाठायची तर चाळीसेक मीटर मागं सरकावं लागतं. साखर पेठेतल्या बोळात सरकणार कुठं? उलट, गाडीभोवतीचा सुमारे २० मीटरचा पट्टा जमिनीलगत तोफेच्या टप्प्याबाहेर; तळघरात दबा धरलेला माणूस निर्धास्त. अरुंद गल्लीत टरेट (तोफेचा फिरता बुरूज) वळवावं तर लांब नळी भिंतीला अडते. आणि चिलखत पातळ कुठं, तर नेमकं वरच्या बाजूला. चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीत ३१ डिसेंबर १९९४ ला शिरलेल्या रशियन तुकड्यांचं हेच झालं. रांगेतल्या पुढच्या-मागच्या गाड्या पेटवल्या, मधल्या अडकल्या. गच्च्या आणि तळघरं तपासायला पायदळ खाली उतरलेलंच नव्हतं. त्यातल्या माइकोप ब्रिगेडचे २६ पैकी २० रणगाडे गेले.

‘मग आधी बॉम्बनं सपाट करा.’ दुसऱ्या महायुद्धात इटलीतला कॅसिनोचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ ला असाच पाडला. जर्मन त्या ढिगाऱ्यात येऊन बसले, मठ हाती आला १८ मे रोजी. ढिगारा हा लढायला आयता आडोसा असतो, वर आपल्याच गाड्यांची वाटही अडवतो.

‘दोन दिवस’ तर सोडाच. अमेरिकी विमानं दिमतीला असून इराकी फौजेला आपलंच मोसुल परत घ्यायला नऊ महिने लागले. आपल्या लष्करालाही ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेतलं जाफना घ्यायला दोन आठवड्यांहून जास्त झुंजावं लागलं. विद्यापीठाच्या मैदानावर उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले, कारण माऱ्यामुळं पुढची हेलिकॉप्टरं उतरूच शकली नाहीत. घर एकदा तपासून भागत नाही, तिथं माणसं बसवावी लागतात. नाहीतर शत्रू भिंतीला पाडलेल्या भगदाडातून पुन्हा मागं हजर. पायदळ संपतं ते इथं.

राहिला मन्रो. शिड्या लावून पेठ घेतली, खरंय. पण भुईकोट शरण यायला पुढं आणखी काही दिवस तोफा डागाव्या लागल्या, आणि पेशव्यांच्या फौजेची मोठी कत्तल झाली ती शहराबाहेर, उघड्या माळावर, पाठलाग करणाऱ्या घोडदळाकडून. खांद्यावरून रणगाडा फोडणारं रॉकेट तेव्हा पेठेत कुणाकडं नव्हतं.