नावावर नंतर करू म्हणे!

टिपर विकायची म्हणून फोटो टाकला, तर रात्री साडेअकराला मेसेज, "लास्ट किती". ना नमस्कार, ना गाडी कुठंय, ना पासिंग (आरटीओचं फिटनेस) कधीपर्यंत आहे. 2016 ची दहा टायरी टिपर, मिरजेत उभी आहे, फोटोखाली सगळं लिहिलंय, तरी पुढचा प्रश्न "मॉडेल कुठलं ओ?"

बघायला येणारे त्याहून भारी. एक घेणारा, एक मेस्त्री, एक दलाल आणि एक नुसता चहाला. मेस्त्री सेल्फ मारायच्या आधीच मान हलवतोय, "काम निघणार मालक". इंजिन झिजलंय का बघायला ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, धूर नाही म्हटल्यावर म्हणतोय क्राऊन (मागची चाकं फिरवणारा गिअर) आवाज करतोय. अरे लेका गाडी जागेवर उभी आहे, क्राऊन कुठनं आवाज करंल? जॅक वर करून हौदा उचलून दाखवला, त्याकडं कुणी बघितलंच नाही. मागचे आठ टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले आहेत हे मीच फोनवर सांगितलेलं, तरी टायरच्या नावाखाली एवढे पैसे कापायला बघतात की त्यात आठ नवे येऊन वर स्टेपनी पण मिळंल.

बरं हे पण चालतंय, घासाघीस चालायचीच, मी घेणारा असतो तर मी पण केली असती. डोकं फिरतंय ते पुढं. सगळं जमत आलं, इसार द्यायची वेळ आली की हळूच, "आण्णा, नावावर नंतर करू की, सिझन संपू दे". का ओ? बँकेचा बोजा उतरवलाय, त्याचा फॉर्म 35 झालाय, चलनं भरलीत, अजून काय पायजे? तर म्हणे गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, त्यांवर सह्या करून कोरेच द्या, आमचा एजंट बघंल, आणि व्यवहाराची नोटरी करू.

म्हणजे गाडी ह्याच्या क्रशरवर आणि आरसीवर नाव माझं! ओव्हरलोड धरली की चलन माझ्या मोबाईलवर, कृष्णाकाठाला रात्री वाळू भरताना तहसीलदारानं पकडली की नोटीस माझ्या दारात, आणि देव न करो कुणाच्या अंगावर गेली आणि ह्यानं इन्शुरन्स भरलेला नसला तर भरपाई पण माझ्याच मानगुटीवर. सुप्रीम कोर्टानं 2018 लाच सांगितलंय, आरसीला नाव ज्याचं तो मालक, तिथं ती नोटरी काय चाटायची? विकणाऱ्यानं 14 दिवसात आरटीओला कळवायचं असतं हे ह्या दलालांना माझ्यापेक्षा चांगलं माहिताय. पण त्यांना गाडी नावावर करायचीच नसते, पुढच्याला फिरवायची असते, मधला एक ट्रान्स्फर वाचतोय आणि आरसीवर मालक पण वाढत नाही.

इकडं 8 वर्षं उलटली म्हणून पासिंग दरवर्षी, इन्शुरन्स वेगळा, गाडी उभी असली तरी खातीयाच, आणि हे त्यांना माहीत असतंय म्हणूनच ताणून धरतात.

परवाचा एक तर वर तोंड करून म्हणाला, "विश्वास नाही का आमच्यावर?" म्हटलं आहे की, तुमचा पण आहे ना माझ्यावर? मग सगळे पैसे आज द्या आणि गाडी सिझन संपल्यावर न्या. तेव्हापासनं फोन उचलत नाही बेणं.