गोणपाटातल्या शंभर बिया

‘कृषीकन्या’ म्हटलं की आमच्या पारावर आधी हसू फुटतं. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या पोरी ‘रावे’साठी, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या अभ्यासक्रमासाठी, गावात येतात, बॅनर धरून फोटो काढतात, दोन दिवसांनी पेपरात कोपऱ्यात बातमी: बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक. तोवर सोयाबीन चार पानांवर आलेलं असतं! पेरायच्या आधी बियाण्याला औषध चोळायचं, ती बीजप्रक्रिया; आता कसली? मीही हसणाऱ्यांतलाच.

एका साली मात्र पाऊस लांबला. पोरी आल्या तेव्हा बियाणं अजून घरातच होतं. आमचं घरचंच बी. दादा दरवर्षी १८ मेला परभणीला विद्यापीठाच्या खरीप मेळाव्याला जातात, रांगेत उभं राहून पिशवी आणतात आणि पुढं दोन-तीन वर्षं तेच बी धरतात. सोयाबीनचं सरळ वाण असतं, संकरित नाही; चालतं तसं.

एका पोरीनं ओसरीत ओलं गोणपाट पसरलं. दहा-दहाच्या दहा ओळी, शंभर बिया मोजून. वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी, सुतळी, सावलीत ठेवलं. "काका, रोज पाणी शिंपडा, सातव्या दिवशी येते." दादा म्हणाले, "घरचं बी हाय, उगवणारच." पण पाणी शिंपडायला रोज तेच उठायचे.

सातव्या दिवशी ती खरंच आली. गुंडाळी उलगडून दादांनी दोनदा मोजलं. चौसष्ट. सत्तर तरी हवेत, कमी भरली तर दर टक्क्याला एकरी अर्धा किलो बी वाढवायचं, असं तिनं सांगितलं. म्हणजे तीसचे तेहतीस किलो. सोयाबीनचं टरफल पातळ, पोती आदळली की बी आतून मरतं, हेही तेव्हाच कळलं. त्याआधी आमच्या घरात दुबार पेरणी झाली की शिव्या फक्त पावसाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पोरींना गावात पाठवायचं ते सेमिस्टर बघून नाही, मृग बघून पाठवा. विद्यापीठाकडं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते पेरणीच्या आधी पंधरा दिवस सांगितलं तर उपयोग. आणि प्रात्यक्षिक करणारीनं सातव्या दिवशी परत यायचं. फोटो काढायचाच तर त्या दिवशी काढा.

दादा आता दर जूनला गोणपाट भिजवतात. शेजारचे येऊन विचारतात, "किती निघाले?"