शंभर रुपये सुटे ठेवा

मतदान सक्तीचं करा, ही मागणी तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून कोणी केली नसेल तर तुम्हीच करून टाका. वेळ मात्र नीट निवडा. मतदानाच्या दिवशी दुपारी, अलिबागला मासे खाऊन झाल्यावर, सुपारी चघळता चघळता ही मागणी केली की ती फार मनापासून उतरते.

लोकसभेला आमच्याकडे २० मे २०२४ला मतदान होतं. सोमवार. शनिवार-रविवारला जोडून आलेला. त्या दिवशी नेरुळच्या आमच्या बिल्डिंगचं पार्किंग इतकं मोकळं होतं की पोरांनी तिथे खेळपट्टी आखली. (मी घरी कसा? गाडी सर्व्हिसिंगला होती.) ठाणे मतदारसंघात मतदान झालं ५२ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांत आपल्या बिल्डिंगचे किती, हे मोजत बसू नका. ‘लोकांना जबाबदारीची जाणीवच नाही’ एवढं लिहिलं की भागतं. लोक म्हणजे समोरच्या विंगमधले.

कोणी विचारलंच, ‘असं जगात कुठे असतं का?’ तर ऑस्ट्रेलिया सांगा. १९२४ पासून सक्ती, गैरहजर राहिलात तर २० डॉलर दंड, मतदान नव्वद टक्क्यांच्या घरात. तिथे मतदान शनिवारी असतं, पोस्टानं किंवा आधी जाऊनही मत देता येतं, केंद्राबाहेर गरमागरम सॉसेज भाजून मिळतात, हे तपशील गाळा. नाहीतर कोणीतरी बूथवर वडापाव मागेल. आणखी एक गंमत तिथली. ज्याला कशाशीच देणंघेणं नसतं तो मतपत्रिकेवर पसंतीक्रम म्हणून वरून खाली एक, दोन, तीन आकडे घालून मोकळा होतो. त्याला ते गाढवाचं मत म्हणतात. त्यात पहिल्या नावाचं थोडं फावतं. आपल्याकडे तर उमेदवारांचे गट पाडून प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमानं लावतात. तेव्हा घरात बारसं असेल तर विचार करा. अनंत ठेवलंत तर आमदार, ज्ञानेश्वर ठेवलंत तर डिपॉझिट गेलंच समजा.

देशी दाखला हवा असेल तर गुजरात आहे. तिथल्या विधानसभेनं २००९मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचं विधेयक मंजूर केलं, राज्यपालांची सही व्हायला २०१४ उजाडलं, २०१५मध्ये शंभर रुपये दंड ठरला आणि त्याच ऑगस्टमध्ये हायकोर्टानं स्थगिती दिली. विधी आयोगानंही २०१५च्या २५५व्या अहवालात सक्ती नको म्हटलंय. अहवाल जाडजूड आहे. ग्रुपवर कोणी उघडणार नाही, निर्धास्त राहा.

शंभर रुपयांना घाबरू तर मुळीच नका. ऑक्टोबर २०२४मध्ये, विधानसभेच्या अगदी तोंडावर, वाशीचा टोल कारना माफ झाला. खेपेला ४५ रुपये वाचतात. तीनदा मुंबईला जाऊन या, दंड निघून वर सुपारीचे पैसे सुटतात.

जास्तच उत्साही असाल तर दोनदा मत द्या. हा सल्ला माझा नाही. २०१४मध्ये साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला आणि आपलं २४ला होतं, तेव्हा नवी मुंबईत माथाडींच्या मेळाव्यात शरद पवारांनीच सुचवलं होतं की आधी गावाकडे मत द्या, मग शाई पुसून इथे द्या. पुढे ते म्हणाले, गमतीनं बोललो. निवडणूक आयोग मात्र हसला नाही, नोटीस काढली. सक्ती आली तर हेच माथाडी दोन्हीकडच्या याद्यांत सापडतील आणि एका ठिकाणी हमखास गैरहजर लागतील.

आता एका माणसापासून सावध राहा. प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त शिक्षक असतात. ते ग्रुपवर लिहितील : ‘नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल २०१५मध्ये झाली, मुदत मे २०२०मध्ये संपली. आधी कोविड, मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणाची कोर्टकचेरी, आणि पुढचं मतदान थेट जानेवारी २०२६ला. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. मत द्यायला आम्ही तयार होतो, निवडणूकच गैरहजर होती. तिला शंभर रुपये कोण लावणार?’ उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. ‘गुरुजी, तुमचं मेंटेनन्स थकलंय’ एवढंच लिहा. फार ताणलं तर सांगा, उशीर झाला पण भरपाई नाही का मिळाली? पूर्वी वॉर्डाला एक नगरसेवक होता, आता बहुतेक प्रभागांना चार. बटणंही चार. गटाराची तक्रार घेऊन एकाला शोधायचो, आता चौघांना शोधतो.

शेवटची तयारी यादीची. मी ऐरोलीहून नेरुळला आलो, पत्ता बदलायला फॉर्म ८ भरला. ऐरोलीतून नाव तत्परतेनं गेलं, नेरुळात अजून पोचलं नाही. म्हणजे मला दंड नाही. आमच्या मजल्यावरच्या आजी मात्र यादीत आहेत, फोटोसकट. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. सक्ती झाली की पहिली नोटीस त्यांच्याच नावावर येणार, म्हणून वॉचमनला आत्ताच सांगून ठेवलंय : पोस्टमन आला तर म्हण, आजी गावाला गेल्यात.

‘कब आयेगी पूछा तो?’ वॉचमन म्हणाला.

म्हटलं, बाकीची बिल्डिंग येईल तेव्हा.