ओक रिजचं मीठ आणि मामांचा प्रश्न

मावसभावाने आजोळच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. वितळलेल्या मिठावर चालणारी थोरियमची अणुभट्टी, स्फोट अशक्य, कचरा नगण्य. खाली त्याची ओळ, "जैतापूरवाल्यांना दाखवा हे." मामांनी विचारलं, "बंद झाल्यावर उरलेलं कोण नेणार?" मामांची माडबनची आंब्याची कलमं जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या जमिनीत गेली आहेत. त्यांना कुणीच उत्तर दिलं नाही.

मला बोलायलाच हवं. मी अमेरिकेत, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला राहते. तिथून अर्ध्या तासावरच्या ओक रिजमध्ये 1965 ते 1969 अशी भट्टी खरोखर चालली. लिथियम, बेरिलियम आणि झिर्कोनियमच्या फ्लोराइड क्षारांत युरेनियम विरघळवलेलं, साधारण साडेसहाशे अंश सेल्सिअसला पाण्यासारखं वाहणारं. दाब अगदी कमी, त्यामुळे कोंडलेल्या वाफेचं भय नाही. तळाच्या नळीत थंड हवेच्या झोताने मिठाचंच बूच गोठवलेलं असे. झोत थांबला की बूच वितळणार आणि इंधन आपोआप खालच्या टाक्यांत उतरणार. मला ही रचना फार सुंदर वाटते. केरळ-तमिळनाडूच्या वाळूत थोरियम आहे, होमी भाभांनी ते वापरायचा तीन टप्प्यांचा आराखडा कधीच मांडून ठेवलाय, आणि चीनने 2023 मध्ये गान्सू प्रांतात 2 मेगावॅटची अशी भट्टी सुरूही केली. भारताने यात मनापासून पैसा घालावा, असंच माझं मत आहे.

पण ओक रिजच्या भट्टीने वीज बनवली नाही, तिची उष्णता हवेत सोडून देत. तिच्या इंधनात थोरियमही नव्हतं. डिसेंबर 1969 मध्ये ती बंद झाली आणि मीठ टाक्यांतच गोठून राहिलं. किरणोत्सारामुळे त्या गार मिठातून फ्लोरिन सुटत गेला, त्यामुळे युरेनियमचा वायू झाला आणि तो नळ्यांतून थेट कोळशाच्या गाळणीपर्यंत पोचला. हे कळलं 1994 मध्ये! चार वर्षं चाललेल्या छोट्याशा भट्टीची ही निस्तरानिस्तर अजून पुरती संपलेली नाही.

इथे सफाईच्या कामावर नागरिकांचं सल्लागार मंडळ आहे. त्यांच्या एका बैठकीला गेले होते. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मांडीवरची जाडजूड फाइल उघडली आणि विचारलं, "त्या टाक्यांचं पुढे काय?" अधिकाऱ्याने नकाशा लावून समजावलं. त्यांचं समाधान झालं नाही, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही, विकासविरोधी तर नाहीच. आमच्याकडे हाच प्रश्न धरून बसलेल्या गावांत 2011 च्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि एका माणसाचा जीव गेला.

जैतापूरला ठरलेल्या 1650 मेगावॅटच्या 6 फ्रेंच भट्ट्या तर मिठाच्या नाहीतच, त्या दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या आहेत. मग मिठाचा व्हिडिओ दाखवून माडबन आणि नाटे गावच्या लोकांची तोंडं कशी बंद करता येतील? समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळीचं काय होईल, हा त्यांचा प्रश्न तसाच उरतो.

2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज, असं सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर केलंय. वीज हवीच आहे, कोळसा सोडायचा तर अणूला वगळून चालणार नाही. पण मिठाची असो की पाण्याची, प्रत्येक भट्टीच्या जनसुनावणीत मामांच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळायला हवं, खर्चाच्या आकड्यासकट, मराठीत, आणि जमिनीच्या नोटिशीच्या आधी.