प्याला असा धरावा, चेहरा असा करावा

नामांकित रेस्तराँमध्ये शनिवार-रविवारचा खास बेत आहे. सहा पदार्थ, प्रत्येकाबरोबर वेगळी वाइन, मधूनमधून वाइन बनवणाऱ्यांची भाषणं. तुम्ही तिकीट काढलंय. (लोकांना मात्र ‘बोलावणं आलंय’ असंच सांगा.) पहिल्यांदा जाणाऱ्यांची एक भोळी समजूत असते, की आपण तिथे खायला-प्यायला चाललोय. ती घरीच ठेवून निघा. खाणंपिणं तिथे होतंच, ते काही टळत नाही. पण तुमचं खरं काम आहे जाणकार दिसणं, आणि त्याची तयारी दुपारपासूनच करावी लागते.

सुरुवात सेंटपासून. चवीचा मोठा हिस्सा नाकाच्या हाती असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते त्यामुळेच. वाइन तर निम्मीशिम्मी नाकानेच प्यायची असते. तेव्हा सेंट सढळ हाताने मारा. टेबलावरच्या सगळ्यांना सहाही वाइनमध्ये तुमचाच दरवळ आला पाहिजे.

दुपारी काही खाऊ नका. पैसे मोजलेत, तर पोटात जागा हवी. रिकाम्या पोटी मद्य जठरात रेंगाळत नाही, लगेच लहान आतड्यात उतरतं आणि तिथून झपाट्याने रक्तात. एरवी जो आत्मविश्वास यायला बराच वेळ लागतो, तो दुसऱ्याच ग्लासात येतो. हिशेबाच्या भानगडीत पडू नका. कोणी केलाच, तर सव्वाशे मिलीलीटरचे सहा ग्लास म्हणजे ७५० मिलीलीटर, माणशी अख्खी बाटली, एवढंच निघतं. पाण्याचा ग्लासही समोर ठेवलेला असतो. तो फोटोसाठी आहे.

दारातच तुमच्या हातात बुडबुड्यांची वाइन येईल. ती कुठलीही असो, तिला शॅम्पेनच म्हणा. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली नसेल तर तिला शॅम्पेन म्हणत नाहीत, हे वाढणाऱ्याला ठाऊक असतं. पण तो सभ्य असतो, बोलत नाही. मग डॉम पेरिन्यो या साधूला बुडबुड्यांचा शोध कसा लागला, ती गोष्ट सांगा. खरं तर तो १६६८ साली मठाच्या तळघराचा कारभारी झाला आणि वाइनमध्ये बुडबुडे येऊ नयेत म्हणूनच खटपट करत राहिला. शिवाय साखर घालून वाइन फसफसवायची रीत ख्रिस्तोफर मेरेटने १६६२ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. पण मेरेटच्या नावाने कोणाच्या माना डोलत नाहीत. साधूचीच गोष्ट सांगा.

आता ग्लास. त्याला लांब दांडी दिलेली असते ती हाताची ऊब वाइनला लागू नये म्हणून. तुम्ही ग्लास खालून, पूर्ण तळव्यात घ्या आणि पुढची वीस मिनिटं बोलत राहा. थंडगार पांढरी वाइन आपोआप कोमट होईल. मधूनमधून ग्लास गरागरा फिरवा, शेजाऱ्याच्या बाहीवर चार थेंब उडाले तरी हरकत नाही. फिरवून झालं की काचेवरून ओघळणाऱ्या धारांकडे एकटक पाहा आणि हळूच म्हणा, ‘क्या बात है.’ या धारांचा दर्जाशी संबंध नाही. मद्य पाण्यापेक्षा लवकर उडून जातं, काचेवरच्या पातळ थराचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि मग ती थेंबाथेंबाने परत घसरते. जेम्स थॉमसनने हे १८५५ सालीच समजावून सांगितलंय. तुम्ही १८५५च्या आधीचे राहा.

वास घेऊन वर्णन करणं ही मात्र खरी परीक्षा. इथे नवखे लोक गडबडतात आणि ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. असं म्हणणाऱ्याला पुन्हा कोणी काही विचारत नाही. वर्णनात तीन गोष्टी हव्यात: एक फळ, एक लाकूड, आणि एक अशी वस्तू जी कोणी कधी तोंडात घातलेली नाही. जुनं चामडं, पेन्सिलीचं टोक, पावसात भिजलेला दगड, काहीही चालेल. कोणी तुम्हाला खोटं पाडू शकत नाही, कारण दगड त्यांनीही चाखलेला नसतो. ॲन नोबल नावाच्या बाईंनी कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्रच करून ठेवलं, सगळ्यांनी एकाच वासाला एकच नाव द्यावं म्हणून. त्याचा छापील कागद कुठे मिळाला तर खिशात ठेवा, पण वापर उलटा करा: डोळे मिटून बोट ठेवायचं आणि येईल ते बोलायचं.

भीती वाटत असेल तर धीर देणारी एक हकिगत सांगतो. फ्रान्समधल्या बोर्दोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग कालवून दिला. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या ठेवणीतल्या शब्दांनी केलं. २००१ साली हा प्रयोग छापून आला. ती मुलं हेच शिकत होती, हाच धंदा करणार होती. तरी डोळ्यांनी नाकाला गप्प बसवलं. मग तुम्ही कशाला घाबरता? रंग बघा आणि बोला. लाल असेल तर काळी बोरं-जांभळं, पांढरी असेल तर लिंबू. मध्येच एकदा ‘टॅनिन’ म्हणा. टॅनिन येतं मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून; लाळेतल्या प्रथिनांना चिकटून ते तोंड कोरडं करतं. बहुतेक पांढऱ्या वाइन साली बाजूला काढून केलेल्या असल्यामुळे त्यांत ते जेमतेम असतं. तेव्हा टॅनिनचं कौतुक पांढऱ्या वाइनवर करा, ऐकणारे जास्त दबतील.

चाखण्याआधी किंमत बघून घ्यायला विसरू नका. २००८ साली छापलेल्या एका प्रयोगात लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. ९० वाली त्यांना जास्त आवडली, आणि मेंदूतल्या सुखाच्या भागानेही तशीच साक्ष दिली. एवढी स्वस्तातली युक्ती हाताशी असताना जिभेला कशाला त्रास द्यायचा? लेबलही आधी पाहा. १९७६ साली पॅरिसमध्ये मोठमोठ्या फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता गुण दिले, आणि पांढऱ्यात आणि लालमध्ये दोन्हीकडे कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

टेबलावर एक धातूची छोटी बादली असते. ती थुंकण्यासाठी आहे. ज्यांना दिवसात पन्नास-साठ वाइन चाखायच्या असतात ते घोट तोंडात घोळवतात, थुंकतात आणि सहाव्या वाइनलाही पहिल्याइतकंच लक्ष देतात. त्यांना पगार मिळतो, म्हणून परवडतं. तुम्ही त्या बादलीत मोबाइलचा चार्जर ठेवा.

अशा संध्याकाळी एक प्रसंग बहुधा येतो, त्याची तालीम करून ठेवा. नव्या बाटलीतली थोडीशी वाइन आधी एकाच्या ग्लासात ओततात. ती आवडली का, असा तो प्रश्न नसतो. बाटली बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. कधीकधी बुचातून एक रसायन वाइनमध्ये उतरतं आणि तिला ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. समजा, तशी बाटली नेमकी तुमच्या टेबलावर आली. तुम्ही मान हलवा. सगळ्यांना वाढू द्या. एक जण म्हणेल, ‘मातीशी नातं सांगतेय.’ दुसरा म्हणेल, ‘जुन्या पद्धतीची आहे.’ तिसरी व्यक्ती डोळे मिटून आजोळच्या माळ्याची आठवण काढेल, आणि ही एकटीच खरं बोलत असेल. एवढ्यात सोमेलिए, म्हणजे रेस्तराँचा वाइनचा जाणकार, येईल, ग्लास नाकाशी धरेल, क्षणभर थांबेल, क्षमा मागून सगळे ग्लास उचलेल आणि दुसरी बाटली उघडेल. त्या क्षणी टेबलावर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं वाक्य: ‘मला वाटलंच होतं.’

जेवणाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ताट मोठं, पदार्थ मधोमध आणि तो नेमका किती वेळ गरम राहतो याचा आचाऱ्याने विचार केलेला. तेवढाच वेळ फोटोला द्या. वाइनबरोबर तो पदार्थ का दिलाय हे वाढणारा सांगत असताना मोबाइलमध्येच राहा. नाहीतर कळून बसेल की आंबटपणा स्निग्धता कापतो, तिखटाने मद्य जास्त जाळतं आणि गोडाबरोबर कोरडी (म्हणजे गोड नसलेली) वाइन आंबट लागते. मग घरीसुद्धा ताटात काय वाढलंय याचा विचार करू लागाल.

एका माणसापासून सावध राहा. टेबलाच्या टोकाला एखादा असा निघतोच, जो सरळ म्हणतो, ‘ही मला नाही आवडली. ती दुसरी अजून थोडी मिळेल का? आणि ती अशी का लागते?’ त्याला ना फळं सुचतात ना चामडं. सोमेलिएला अशी माणसं फार आवडतात, का कोण जाणे. तो त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसतो, न मांडलेली एक बाटली आतून घेऊन येतो, आणि दोघं अर्धा तास हसत काहीतरी बोलत असतात. तुम्ही तिकडे पाहू नका. तुमच्या टेबलावर तोवर पेन्सिलीच्या टोकाची चर्चा रंगात आलेली असेल.

शेवटच्या गोड वाइनबरोबर ऑर्डरचा कागद फिरतो. तो पहिल्या ग्लासाबरोबर का फिरत नाही, असल्या शंका काढू नका. शेजाऱ्याने जिच्यावर खूण केली तिच्यावरच करा, आणि एक बाटली नको, बाराचं खोकं घ्या. घरी जाताना टॅक्सी घ्या. हा या लेखातला एकमेव खरा सल्ला, चुकून राहून गेलाय.

खोकं घरी आलं की बाटल्या बैठकीच्या खोलीत, उन्हाच्या खिडकीपाशी, उभ्या मांडा. वाइनला अंधार, गारवा आणि स्थिरता लागते, बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायची असते, हे सगळं ठीक. पण आडव्या बाटलीचं लेबल पाहुण्यांना सोफ्यावरून वाचता येत नाही. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात, तरी तुम्ही ‘अजून मुरतेय’ म्हणत राहा. उघडू मात्र नका. उघडली तर प्यावी लागेल, आणि ती आवडली की नाही हे विचारायला तेव्हा शेजारी कोणी नसेल.